जुनी मोटार कशी पारखावी ?

मोटार हा विषय शाळेच्या वार्षिकांत कसा आला, असा प्रश्न वाचकांपैकीं कांहींना पडेल. निबंध, चरित्र व प्रवासवर्णन यांच्या पंक्तीस क्लच आणि टायर यांना आणून बसविणें कित्येकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु एक घरगुती प्रसंग घडला, त्यांत आम्हांस थोडाबहुत भाग घ्यावा लागला, व त्या निमित्तानें जें पाहावयास व शिकावयास मिळालें तें येथें नमूद करून ठेविलें तर आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं तें केव्हां तरी उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

सन २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यांत, दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच भरली होती, तेव्हां बोर्डिंगांत राहणारा दहावीचा एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, बाबा गाडी घ्यायची म्हणतात. जुनीच. तुम्ही येतां का बघायला ?" त्याचें घर कवठे महांकाळ तालुक्यांतील एका खेड्यांत. आजीचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं. आठवड्यांतून दोन वेळां तिला डायलिसिससाठीं मिरजेस न्यावें लागे. जाऊन येऊन ७० किलोमीटरांचा रस्ता. यंत्राला लावल्यावर चार तास जातात, आणि उठल्यावर रोग्याच्या अंगांत धड उभें राहण्याचें त्राण उरत नाहीं. अशा स्थितींत एस. टी. ची वाट पाहत थांबणें अशक्य, म्हणून दर खेपेस १,४०० रुपये देऊन भाड्याची जीप करीत. वर्षाच्या १०४ खेपा धरल्या तर ही रक्कम १,४५,६०० रुपये होते. घरांत २,१०,००० रुपये जमले होते. त्यांतला मोठा भाग मुलाच्या आईच्या पाटल्यांचा होता.

आमची कीर्ति मोटारींच्या बाबतींत मुळींच चांगली नव्हती. आम्ही एकदां सपशेल फसलों होतों, हें पुष्कळांस ठाऊक होतें; आणि, "जो बुडाला त्यालाच खड्डा माहीत असतो, सर," असें त्या मुलाच्या वडिलांनीं आम्हांस तोंडावरच सांगितलें. यावर काय बोलणार ? आम्ही निघालों.

मोटार पाहण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें, हा आमचा पहिला आग्रह. गाडी कोणासाठीं, किती चालणार व कोणत्या रस्त्यावर, हें ठरल्यावांचून बाजारांत जाणें म्हणजे यादीवांचून किराणा आणणें होय. या घरीं महिन्याचें चालणें सुमारें ६०० किलोमीटर. दलाल मात्र "डिझेलच घ्या, परवडतें" असें म्हणत होता. आतां त्रैराशिक मांडून पाहूं. पेट्रोलची लहान गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते असें धरलें तर महिन्यास ४० लिटर, १०५ रुपये भावानें ४,२०० रुपये. डिझेलची गाडी लिटरला २० किलोमीटर धरली तर ३० लिटर, ९२ रुपये भावानें २,७६० रुपये. बचत महिन्यास १,४४० रुपये, वर्षास १७,२८०. परंतु त्याच वयाची डिझेल गाडी ४०,००० रुपये महाग सांगितली होती; ते जादा पैसे फिटण्यासच सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागावयाचा. शिवाय डिझेल इंजिनाचे इंजेक्टर, पंप व टर्बो यांची दुरुस्ती पेट्रोलच्या इंजिनापेक्षां पुष्कळ महाग पडते, आणि एकच इंजेक्टर बिघडला तर सर्व बचत एका दिवसांत जाते. हींच संख्या महिन्यास १,५०० किलोमीटर धरून मांडा; मग ते ४०,००० सुमारें ११ महिन्यांत फिटतात व दलालाचें म्हणणें खरें ठरतें. तात्पर्य, डिझेल चांगलें कीं पेट्रोल चांगलें हा वादच निरर्थक आहे. आपलें चालणें किती हा खरा प्रश्न. सी. एन. जी. चा विचार आम्हीं थोडक्यांत सोडून दिला, कारण टाकी डिकींत बसते व आजीची घडीची खुर्ची ठेवण्यास जागा उरत नाहीं. ज्यांना ती गाडी घ्यावयाची असेल त्यांनीं टाकीची नोंद आर. सी. पुस्तकांत आहे कीं नाहीं, व दर तीन वर्षांनीं करावयाची टाकीची दाब-चांचणी झाली आहे कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें.

दुसरा आग्रह असा कीं, जवळ असलेले सर्व पैसे गाडीच्या किमतींत घालूं नयेत. जुन्या गाडीची खरी किंमत विकणाऱ्यास दिलेल्या रकमेइतकी कधींच नसते. टायर, तेल, क्लच, विमा व नांव बदलण्याचा खर्च मिळून ती होते. म्हणून पांच हिश्श्यांतला निदान एक हिस्सा हातीं राखावा. २,१०,००० पैकीं १,६५,००० च्या वर जावयाचें नाहीं, असें ठरवून आम्ही बाहेर पडलों.

कोणती गाडी ? याविषयीं गांवांत जितकीं तोंडें तितकीं मतें. आमचें मत असें आहे कीं, जिचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणीं मिळतात व जी कोणताहि मेस्त्री उघडूं शकतो, तीच गरिबाची गाडी. कित्येक उत्तम बनावटीच्या गाड्या आज स्वस्त मिळतात, त्याचें कारण त्यांचे कारखानदार येथून गेले हें आहे : शेवरले गाड्यांची विक्री आपल्या देशांत २०१७ सालीं थांबली, आणि फोर्डनें २०२१ सालीं येथील कारखाने बंद करण्याचें जाहीर केलें. गाडी वाईट नव्हे. परंतु एका दिव्यासाठीं पंधरा दिवस थांबणें डायलिसिसच्या रोग्यास परवडत नाहीं. मारुति ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती व तिचे भाग अजून मिळतात. पण आतां ती वयानें फार झाली, आणि आसन इतकें खालीं कीं आजीस तींतून उठविणें हेंच एक काम होऊन बसलें असतें. वॅगन-आर ही गाडी डिसेंबर १९९९ मध्यें येथें आली; तिचें छप्पर उंच व आसन खुर्चीच्या उंचीचें. रोग्यानें वांकावयाचें नाहीं, नुसतें टेकावयाचें. या एका गुणापुढें बाकीचे गुण आम्हीं दुय्यम मानले. उणीव एक होती व ती लपविण्यांत अर्थ नाहीं : ए. बी. एस. ब्रेक सर्व मोटारींना एप्रिल २०१९ पासून व चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, म्हणून त्यापूर्वींच्या स्वस्त गाड्यांत बहुधा ह्या दोन्ही वस्तु नसतात. हें त्या गृहस्थांस आम्हीं स्पष्ट सांगितलें. "हळू चालवीन," असें ते म्हणाले. पट्टा मात्र मागच्या आसनावरहि बांधण्याचें वचन आम्हीं त्यांजकडून घेतलें.

पहिली गाडी एक सँट्रो होती, ९५,००० रुपयांची. स्वस्त म्हणून सर्वांचे डोळे तिजवर. आम्हीं तिचें इंजिन चालूं करूंच दिलें नाहीं; आधीं आर. सी. पुस्तक मागितलें. नोंदणी जून २०१०. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे मुदत भरण्यास अवघे सात महिने. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पांच वर्षांसाठीं नूतनीकरण करावें लागतें. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे, आणि वीस वर्षांवरील गाडीसाठीं ऑगस्ट २०२५ पासून ती १०,००० झाली. शिवाय आपल्या राज्यांत पर्यावरण कर निराळा. स्वस्ताईचें रहस्य हें होतें. आणखी एक गोष्ट : पुस्तकांत एका कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा नोंदलेला होता. विकणारा म्हणाला, "कर्ज केव्हांच फिटलं." फिटलेंहि असेल, परंतु संस्थेचें ना-हरकत पत्र व सही-शिक्क्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातीं येईपर्यंत तें कायद्यानें फिटलेलें नव्हे.

येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण घरांत कागद वाचणारे बहुधा तेच असतात. तो दलाल मूळ मालकाच्या सह्या केलेले २९ व ३० नंबरचे कोरे फॉर्म पुढें करून सांगत होता, "नांव सावकाश करा, गाडी आजच न्या." बाजारांत ही रीति सर्रास चालते. कायद्याप्रमाणें विकणाऱ्यानें त्याच राज्यांत १४ दिवसांच्या आंत विक्रीची खबर आर. टी. ओ. कचेरीस द्यावयाची व घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत नांव चढविण्याचा अर्ज करावयाचा असतो. तें न केल्यास काय होतें हें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीन कुमार यांच्या प्रकरणांत सांगितलें आहे. त्यांतली गाडी हातोहात विकली जात चौथ्या माणसाकडे गेली होती, पुस्तकांत नांव पहिल्याचेंच. अपघातांत एक जण मेला व दुसरा जखमी झाला. न्यायालयानें नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याचें नांव नोंदलेलें त्याजवरच ठेविली. तेव्हां विकणारा असो वा घेणारा, कोऱ्या कागदावर सही करणें किंवा ती स्वीकारणें दोघांसहि सारखेंच घातक. विम्याचेंहि तसेंच. दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा विमा गाडीबरोबर जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा नांव बदलून घेतल्यावांचून मिळत नाहीं. आणि 'नो क्लेम बोनस' म्हणून जी सूट असते ती जुन्या मालकाची, गाडीची नव्हे. पुस्तकांतील चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशीं अक्षरशः ताडून पाहावेत. परिवहन खात्याच्या 'एमपरिवहन' या ॲपवर गाडीचा नंबर घातला असतां नोंदणीची तारीख व विम्याची मुदत दिसते; थकलेले दंडहि तेथेंच शोधतां येतात. दहा मिनिटांचें काम. न करण्यास सबब नाहीं.

दुसरी गाडी पाहतांच मुलाचे वडील हरखून गेले. २०१२ ची वॅगन-आर, आरशासारखी चकाकणारी, आंत नवीं कोरीं कव्हरें, अत्तराचा वास, आणि मीटरवर फक्त ३८,००० किलोमीटर. आमच्या मात्र पोटांत गोळा उठला, कारण अशीच एक गाडी आम्हीं एकदां घेतली होती.

ती हकीकत थोडक्यांत सांगतों. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत सांगली-कोल्हापुराकडील कित्येक मोटारी दिवसेंदिवस पाण्याखालीं होत्या. पुढच्या नाताळच्या सुटींत आम्हीं एका दलालाकडून, बाजारभावाहून बरीच स्वस्त म्हणून, एक गाडी घेतली. तीन महिने ती बरी चालली. मग कधीं दिवे आपोआप लागत, कधीं कांचा खालीं जाऊन वर येत नसत, आणि एके रात्रीं भर रस्त्यावर सर्व बंद पडून आम्ही अंधारांत उभे राहिलों. मेस्त्रीनें गालिचा उचलला तेव्हां खालून कृष्णेचा गाळ निघाला, वाळून खापरीसारखा झालेला. तारांचे सांधे आंतून हिरवे पडले होते. शेवटीं ती भंगाराच्या भावानें गेली. ते पैसे आम्हीं आमच्या कन्येच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठीं बाजूस ठेविले होते. तिचें एक वर्ष त्यांत गेलें. तिनें आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं, हें आम्हांस अधिक लागतें.

म्हणून त्या चकाकणाऱ्या गाडीपाशीं आम्हीं प्रथम काय केलें, तर मागच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. पट्ट्याचा आंतील भाग कोणी धूत नाहीं. तेथें मातकट रेघ स्पष्ट होती. ती रेघ म्हणजे पाणी जेथवर चढलें त्याची खूणच. मग आसनाखालच्या रुळाचे बोल्ट पाहिले : तांबेरलेले. अत्तराचा वास कशासाठीं होता, हें उलगडलें. मीटरविषयीं काय सांगावें ? आजकालचें मीटर मागें फिरविणें कठीण नाहीं. परंतु ब्रेकच्या पायपट्टीचें रबर, गियरची मूठ व स्टिअरिंगचें चाक हीं मागें फिरवितां येत नाहींत. ३८,००० किलोमीटरांत पायपट्टीचें रबर असें गुळगुळीत होत नसतें. आम्ही विकणाऱ्यास नमस्कार करून निघालों. मुलाचे वडील वाटेंत बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. (महापूर आपल्याकडेच येतो असें नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि २०२१ च्या जुलैंत चिपळूण पाण्याखालीं गेलें. कोंकणांतील गाडी घेतांना तर पूर नसला तरी खाऱ्या हवेनें तळ गंजला आहे कीं नाहीं हें वांकून पाहावें.)

तिसरी गाडी सांगलींत एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती. जून २०१३ ची पेट्रोलची वॅगन-आर, एकहाती, नंबर एम. एच. १० चा. किंमत १,८५,००० सांगत होते. चकाकी मुळींच नव्हती. उजव्या दारास ओरखडा होता, आणि तो त्यांनीं आपण होऊन दाखविला.

आम्हीं आदल्या दिवशीं निरोप धाडला होता कीं, आम्ही येईपर्यंत इंजिन चालूं करूं नये. यांत मख्खी आहे. गरम इंजिन आपले पुष्कळ दोष झांकतें. थंड इंजिन झांकूं शकत नाहीं. म्हणून गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. पहिल्या किल्लीला इंजिन लागलें. एकानें आंत बसावें व दुसऱ्यानें मागें उभें राहून सायलेन्सरचा धूर पाहावा : निळसर धूर असेल तर इंजिन तेल जाळीत आहे, काळा असेल तर पेट्रोल पुरतें जळत नाहीं, पांढरा धूर गरम झाल्यावरहि थांबत नसेल तर पाणी आंत शिरत आहे. तेल घालण्याचें झांकण उलटून पाहिलें असतां ताकासारखा पांढरा फेस दिसला तर तीहि पाणी तेलांत मिसळल्याची खूण होय, मात्र पावसाळ्यांत थोड्या थोड्या अंतरास चालणाऱ्या गाडींत असा किंचित् फेस निर्दोषपणेंहि येतो. ह्या गाडींत तसें कांहीं नव्हतें.

इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांची गति जुळवून ठेवणारी वस्तु कांहीं इंजिनांत रबरी दंतुर पट्टा असते व कांहींत साखळी. मारुति ८०० मध्यें पट्टा होता; २०१० पासून वॅगन-आरला जें के-मालिकेचें इंजिन आलें त्यांत साखळी आहे. पट्टा ठराविक किलोमीटरांनंतर बदलावाच लागतो. तो केव्हां बदलला याचा कागद नसेल तर तो खर्च किमतींतून वजा मागावा. साखळीला बदलण्याची अशी मुदत नसते, परंतु वेळेवर तेल न बदलल्यास ती सैल पडून खडखडते. पोस्टमास्तरांनीं अकरा वर्षांच्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार फायलींत लाविल्या होत्या. मीटर ७१,००० दाखवीत होतें, आणि पावत्यांतील आंकडे पायरीपायरीनें तेथवर चढत आले होते.

टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात, ते वाचण्यास आमच्या विद्यार्थ्याला आम्हीं सांगितलें. त्यानें गुडघे टेकून वाचले : १५१९. म्हणजे सन २०१९ चा पंधरावा आठवडा. नक्षी पुष्कळ शिल्लक होती, पण टायर साडेपांच वर्षांचे होते व बाजूंस बारीक भेगा होत्या. चारहि बदलावयाचे, असें कागदावर मांडलें. दारांच्या फटी सारख्या आहेत का, पंख्यांच्या बोल्टांचा रंग पान्यानें खरवडलेला आहे का, हें पाहिलें. फडक्यांत गुंडाळलेलें लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरविलें. जेथें लांबी भरलेली असते तेथें चुंबक धरत नाहीं. ओरखड्याच्या दाराखेरीज सर्वत्र धरलें.

मग रस्त्यावर. तिसऱ्या गियरांत सावकाश चालवून एकदम पेट्रोल दिलें, तेव्हां आवाज वाढला पण वेग त्या मानानें वाढला नाहीं : क्लचप्लेट झिजली आहे. मैदानांत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरविली, तेव्हां टक्-टक् आवाज नव्हता. परंतु खालीं वांकून पाहतां एका ॲक्सलचें रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलें होतें. वेळींच बदललें तर थोडक्यांत भागतें. ब्रेक सरळ लागले. बरोबर आम्हीं एक मेस्त्री नेला होता व त्याची ५०० रुपये मजुरी स्वतः दिली. मेस्त्रीस फुकट नेऊं नये. तुम्ही पैसे दिले नाहींत तर विकणारा देतो, आणि मग तो मेस्त्री विकणाऱ्याचा होतो. पेट्रोलमध्यें आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें व एप्रिल २०२३ पूर्वींच्या बहुतेक गाड्या तेवढ्यासाठीं बनलेल्या नाहींत. म्हणून त्यानें पेट्रोलच्या रबरी नळ्या हातानें दाबून पाहिल्या. त्या मऊ होत्या.

घासाघीस आम्हीं केली नाहीं. नुसता कागद पुढें ठेविला. टायर १५,२००, क्लच ८,०००, बूट १,८००, तेल, फिल्टर व कूलंट ४,०००. बेरीज २९,००० रुपये. पोस्टमास्तरांनीं चष्मा लावून दोनदां वाचला. "टायर मीं आणखी एक वर्ष वापरले असते," ते म्हणाले. आजीच्या खेपांची हकीकत मुलाच्या वडिलांनीं सांगितली नव्हती. ती त्या मुलानें सांगितली. १,६२,००० वर गोष्ट ठरली. विमा ६,५०० व नांव बदलण्याचा खर्च २,००० धरून एकंदर १,९९,५०० झाले, आणि १०,५०० शिल्लक राहिले. दुसऱ्याच आठवड्यांत दोघेहि एकत्र जाऊन कागद सादर करून आले.

आतां आमची चूक सांगणें भाग आहे. मे २०२५ मध्यें भर दुपारीं मिरजेहून परततांना गाडी तापली व रस्त्याच्या कडेस उभी राहिली. रेडिएटरचा विजेचा पंखा फिरत नव्हता. हिंवाळ्यांत रस्त्याच्या वाऱ्यानेंच इंजिन थंड राही, म्हणून दोष कळून आला नाहीं. पण नोव्हेंबरांत गाडी उभी करून इंजिन वीस मिनिटें तसेंच चालूं ठेविलें असतें आणि पंखा आपोआप लागतो कीं नाहीं हें पाहिलें असतें, तर तेथेंच समजलें असतें. आम्हीं पांच मिनिटेंच थांबलों होतों. आजी लिंबाच्या सावलींत दोन तास बसून होती, शेवटीं एका ओळखीच्या टेंपोंतून घरीं गेली. पंख्यास ३,४०० रुपये लागले, ते राखलेल्या पैशांतून निघाले. पुढच्या खेपेस आम्ही भेटावयास गेलों तेव्हां आजी पुढच्या आसनावर बसून पट्टा बांधीत होती. आम्हांस पाहून म्हणाली, "मास्तर, पंखा बगायचा राहिला व्हय ?"